खोटे बोलण्याची शिकवणी

दिवाळी जवळ आली की आमच्याकडे फराळाचे दोन घाणे निघतात. एक घरच्यांसाठी आणि दुसरा परदेशी धाडण्यासाठी. दुसऱ्या घाण्यातल्या चकल्या जरा जाड पाडतात, म्हणजे वाटेत मोडत नाहीत. मग कागद, त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पुन्हा कागद अशी बांधाबांध होते. कुरिअरवाला ते खोके घेऊन जातो आणि आठपंधरा दिवसांत चकली सातासमुद्रापलीकडे माझ्या भाचीच्या ताटात जाऊन पडते. त्या चकलीला वाटेत कुणी अडवून विचारीत नाही, की बाई, तू परत जाशील हे कशावरून? ज्या हातांनी ती चकली पाडली, त्या हातांच्या धनिणीला मात्र हा प्रश्न दोनदा विचारण्यात आला आणि दोन्ही वेळा तिचे उत्तर नापसंत ठरले. ती धनीण म्हणजे माझी धाकटी बहीण.

काचेपलीकडच्या साहेबाशी मला भांडायचे आहे. ते भांडण या लेखात यथावकाश होईलच. पण त्याआधी मला भांडायचे आहे ते काचेच्या अलीकडे रांगेत उभ्या असलेल्या आपल्याच माणसांशी. आणि त्या माणसांत पहिला नंबर माझा आहे, हे सुरुवातीलाच कबूल करतो.

बहीण सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षे शिक्षिका होती. यजमान जाऊन सहा वर्षे झाली. एकुलती एक मुलगी लग्न होऊन परदेशी गेली. कोणत्या देशात, ते मुद्दाम सांगत नाही. खिडकी कोणत्याही देशाची असली तरी तिची काच सारखीच असते. भाचीला दिवस राहिले आणि तिचा फोन आला, "आई, तू ये." पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी यायचे ही आपली जुनी रीत. आता माहेरानेच उठून मुलीकडे जायचे, अशी नवी रीत पडली आहे. त्यात वाईट काही नाही. वाईट पुढे आहे.

व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करायची म्हणून मी बहिणीला एका शहरातल्या 'मार्गदर्शन वर्गा'त घेऊन गेलो. तेथे टाय लावलेला एक तिशीचा तरुण होता. त्याने पहिलाच प्रश्न केला, "आजी, कशासाठी जायचंय?"

"लेकीचं बाळंतपण आहे," बहीण म्हणाली.

त्याने कपाळावर हात मारून घेतला. "हे इथं बोललात तेवढं पुरे! तिथं चुकूनही बोलायचं नाही. तिथं म्हणायचं, साइट-सीइंग."

मग त्याने एका धबधब्याचे, एका पुलाचे आणि दोन संग्रहालयांची नावे लिहून दिली. चाळीस प्रश्न आणि त्यांची चाळीस इंग्रजी उत्तरे असलेले एक चोपडे दिले. जन्मभर पोरांकडून पाढे घोकून घेणारी माझी बहीण रात्री दिव्याखाली बसून धबधब्याचे स्पेलिंग घोकू लागली. त्या तरुणाचा दुसरा आक्षेप असा होता, की खात्यावर शिल्लक फार कमी दिसते. त्यावरचा तोडगाही त्याच्यापाशी तयारच होता. कुणा नातेवाइकाने चार महिन्यांपुरते पाच लाख रुपये तिच्या खात्यात टाकावेत आणि काम झाले की काढून घ्यावेत. तो नातेवाईक म्हणजे मी. वाचकहो, माझा सारा जन्म बँकेत गेला. दाखवण्यापुरत्या शिलकेला काय म्हणतात, हे मला कुणी शिकवायला नको होते. तरीही मी पैसे टाकले.

मुलाखतीच्या खिडकीत एक तरुण परदेशी मुलगी होती. तिने हसून, चक्क मराठीत विचारले, "तुम्ही कशासाठी जाणार?" बहिणीने पाठ केलेले उत्तर इंग्रजीत होते. मराठी प्रश्नाला तिने इंग्रजीत धबधब्याचे नाव सांगितले. तिथे तुमचे कोण आहे? मुलगी. मुलगीही येणार का धबधबा पाहायला? आता सातव्या महिन्यातली पोर धबधब्याला येणार, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? बहीण गप्प राहिली. खोट्याची सवय नसलेला माणूस पहिली पायरी कशीबशी चढतो आणि दुसरीवर अडखळतो. तीन मिनिटांत सारे आटोपले. हातात एक छापील कागद घेऊन ती बाहेर आली आणि रस्त्याकडेच्या झाडाखाली उभी राहून मला म्हणाली, "दादा, नाही म्हटलं त्याचं एवढं काही नाही. पण मी खोटं बोलतेय हे त्या पोरीला कळलं. वर्गात मला नाही का कळायचं, तसंच."

भाची तिकडे एकटीने बाळंत झाली. नात सात महिन्यांची झाल्यावर बहिणीने पुन्हा अर्ज केला. या खेपेला शिकवणी नाही, चोपडे नाही, माझे पाच लाखही नाहीत. नातीला पाहायचे आहे, तीन महिने राहीन, स्वतःचे घर आहे, पेन्शन आहे, असे तिने सरळ मराठीत सांगितले. पुन्हा तोच छापील कागद मिळाला. बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग होता. पण पहिल्या वेळची लाज नव्हती.

तेव्हा खरे बोलल्याने व्हिसा हमखास मिळतो, असे सांगण्यासाठी मी ही लेखणी उचललेली नाही. तसे सांगितले, तर मीही एक शिकवणीवालाच ठरेन. माझे म्हणणे निराळे आहे. व्हिसा देणे न देणे खिडकीपलीकडच्याच्या हातात आहे. पण खिडकीवरून परतताना मान वर असावी की खाली, हे आपल्या हातात आहे. आणि नेमकी हीच गोष्ट आपण पैसे मोजून शिकवणीवाल्याच्या हवाली करीत आहोत.

हा प्रकार आपल्याला नवा वाटतो, पण तसा तो नाही. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम आठवा. पोह्यांच्या बशा घेऊन यायचे, नजर खाली ठेवायची, विचारले तेवढेच बोलायचे. शेजारणीने भरलेला रुमाल 'आमच्या मुलीने भरलाय' म्हणून पुढे करायचा. चष्मा काढून ठेवायचा. सांगायचे काय आणि लपवायचे काय, याची तालीम आदल्या रात्री आई-मावश्यांनी घ्यायची. आणि शेवटी "कळवतो" एवढ्या एका शब्दावर सारे घर टांगून राहायचे. नकार आला तर कारण विचारायची सोय नाही; जे काही उणे असेल ते मुलीचेच. पिढ्यान्‌पिढ्या आपण आपल्या मुलींना त्या पाटावर बसवले. आज त्याच पाटावर साठी उलटलेले बाप आणि सत्तरीचे सासरे जाऊन बसले आहेत आणि काचेपलीकडून "कळवतो" ऐकताहेत. तेव्हा कुठे त्यांना कळू लागले आहे, की पसंत-नापसंत ठरणे ही काय चीज असते. पण कळून वळले मात्र नाही. आजही आपण शेजारणीचा रुमालच पुढे करतो आहोत. फक्त आता त्या रुमालाचे नाव बँकेचे पासबुक आहे.

आता काचेपलीकडे वळू. उदाहरणादाखल अमेरिकेचा कायदा घेतो, कारण आपल्याकडे बोलबाला त्याच खिडकीचा जास्त. तो कायदा १९५२ सालचा आहे. त्याच्या २१४ व्या कलमाच्या 'बी' पोटकलमात असे म्हटले आहे, की नोकरीचे काही प्रकार वगळता, येणारा प्रत्येक परदेशी माणूस कायमचे राहायलाच येत आहे असे गृहीत धरावे, आणि तसे नाही हे त्याने अधिकाऱ्याचे समाधान होईल अशा रीतीने सिद्ध करावे. न्यायालयात चोरालासुद्धा गुन्हा शाबीत होईपर्यंत निर्दोष मानतात. इथे पाहुण्याला आधी घुसखोर मानून मग आत घ्यायचे की नाही ते ठरवतात. गंमत अशी, की हा कायदा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनीही नाकारला होता. त्यांचा मुख्य आक्षेप राष्ट्रवार ठरवलेल्या कोट्यांवर होता. पण तेथील संसदेने त्यांचा नकार दोनच दिवसांत डावलून कायदा मंजूर केला. सात दशके उलटली, कोटे गेले, पण ते गृहीत मात्र शाबूत आहे.

या गृहीताच्या भोवतालची व्यवस्थाही त्याला शोभेशीच आहे. २०२२-२३ मध्ये पर्यटक-व्हिसाच्या पहिल्या मुलाखतीसाठी आपल्या शहरांतून पाचशे दिवसांहून अधिक थांबावे लागत होते. अर्जाची फी जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे आणि नकार मिळाला तरी ती परत मिळत नाही. पूर्वी १४ वर्षांखालील मुलांना आणि ७९ वर्षांवरील वृद्धांना मुलाखतीतून सामान्यतः सूट असे. २ सप्टेंबर २०२५ पासून ही सवलतही काढून घेण्यात आली. म्हणजे आता पणजीबाईंनीही खिडकीपुढे उभे राहून आपण घुसखोर नाही हे पटवून द्यायचे. नकाराचे कारण म्हणून कलमाचा आकडा छापलेला कागद मिळतो. त्यावर अपील नाही. पुन्हा फी भरा आणि पुन्हा रांगेत उभे राहा, एवढाच उपाय.

कुणी म्हणेल, आपल्या दारात कुणाला घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क घरमालकाला नसावा काय? अवश्य असावा. मुदत संपल्यावरही तिकडे राहून जाणारे लोक आहेत, आणि त्यांत आपलेही आहेत, हे मी नाकारीत नाही. दार लावायला माझी हरकत नाही. दार का लावले ते सांगायला काय हरकत आहे, एवढेच मी विचारतो. युरोपातल्या शेंगेन देशांच्या २००९ च्या व्हिसा-संहितेनुसार नकाराची कारणे ठरावीक नमुन्यावर कळवावी लागतात आणि नकाराविरुद्ध अपिलाचा हक्क द्यावा लागतो. फी तेही परत करीत नाहीत, पण निदान तोंडावर कारण तरी सांगतात. आपला स्वतःचा १९६७ चा पासपोर्ट कायदा पाहा. पासपोर्ट नाकारला तर अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवावीत, अर्जदाराने मागितल्यास सामान्यतः ती त्याला द्यावीत, आणि अर्जदाराला अपील करता यावे, असे त्यात आहे. आपल्या सरकारकडून हा हक्क आपण मिळवला. मग तोच सभ्यपणा परक्या सरकारकडून अपेक्षिला तर उद्धटपणा कसा होतो? आणि हो, आपल्या देशाच्या खिडकीपुढेही सरहद्दीपलीकडे लग्न होऊन गेलेल्या बहिणी माहेरी येण्यासाठी अशाच ताटकळत असतात. काचेचा हिशेब मागायचा असेल, तर आपल्या काचेपासून सुरुवात करावी लागेल, हेही विसरून चालणार नाही.

कायदा असा संशयी आहे म्हणूनच खोटे बोलावे लागते, असा युक्तिवाद शिकवणीवाले करतात. आता हा युक्तिवाद त्याच कायद्यावर घासून पाहा. २१४ व्या कलमाखाली मिळालेला नकार कायमचा नसतो. परिस्थिती बदलली, सांगण्यासारखे नवे काही असले, तर पुन्हा अर्ज करता येतो आणि अनेकांना पुढे व्हिसा मिळतोही. पण त्याच कायद्यातले २१२ वे कलम सांगते, की महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटे सांगून व्हिसा मिळवला, किंवा मिळवण्याचा नुसता प्रयत्न केला, तरी त्या माणसाला जन्मभर प्रवेश बंद. त्यातून सूट मिळवण्याची वाट अरुंद आहे. म्हणजे पाहा, नकाराचा डाग धुतला जातो, खोट्याचा धुतला जात नाही. आणि शिकवणीवाला आपल्याकडून फी घेऊन पहिला डाग टाळण्यासाठी दुसरा डाग लावून देतो! पकडले गेलात तर सही तुमची, बोटांचे ठसे तुमचे, जन्माची बंदी तुमची. त्याच्या वर्गात तोवर नवी तुकडी बसलेली असते. मुलाखतीच्या वेळासुद्धा यंत्रांकरवी अडवून विकण्यापर्यंत या धंद्याची मजल गेली. मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या अमेरिकी वकिलातीने अशा सुमारे दोन हजार वेळा रद्द केल्या.

बरे, ज्या गोष्टीसाठी खोटे शिकवतात ती गोष्ट तरी लपवण्याजोगी आहे काय? नातेवाइकांना भेटणे हे त्या देशाने या व्हिसाचे उघड मान्य केलेले कारण आहे. आईला लेकीकडे जावेसे वाटते, आजोबांना नातवंड मांडीवर घ्यावेसे वाटते, यात चोरी कसली? उत्तरे इंग्रजीतच हवीत, हेही असेच एक भूत. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मराठीतूनही मुलाखत देता येते. आणि आमची माणसे आपली भाषा घरी ठेवून परक्या भाषेतले परक्याने लिहिलेले उत्तर घेऊन तिथे जातात! हैदराबादेजवळच्या चिलकूरच्या बालाजीला लोक 'व्हिसा बालाजी' म्हणतात. तिथे नवस बोलताना अकरा प्रदक्षिणा घालतात आणि फळला की एकशे आठ. त्याला हसणाऱ्यांपैकी मी नाही. देव निदान कुणाकडून खोटे पाठ करून घेत नाही.

मुलाखतीची तयारी कशी असावी, याचा धडा खरे तर आपल्या घरातच आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकायला अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्या देशाने त्यांच्याकडे व्हिसा मागितला नाही. तशी पद्धतच नव्हती. प्रश्न विचारले ते त्यांच्याच देशबांधवांनी. इथे शिकायची सोय नाही काय? एकटी कशी जातेस? जातीबाहेर टाकले तर काय करशील? या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात ही मुलगी भरसभेपुढे उभी राहिली. वयाची अठरा वर्षेही तेव्हा पुरी झाली नव्हती. एकेक प्रश्न स्वतःच मांडून तिने एकेक उत्तर दिले. कुणा शिकवणीवाल्याने तिला धबधब्याचे नाव लिहून दिले नव्हते. आपण का जात आहोत हे तिला पक्के ठाऊक होते, म्हणून ते सांगताना तिला चाचरावे लागले नाही. एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून बोटीत बसली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. तिची तयारी ती एवढीच. आणि तेवढीच खरी तयारी.

तेव्हा या दिवाळीत ज्या घरांतून कुणाची मुलाखत ठरली असेल, त्या घरांना माझे सांगणे असे. अर्ज स्वतः भरा. येत नसेल तर घरातल्या मुलाकडून भरून घ्या, पण त्यातली ओळन्‌ओळ आजीला-आजोबांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. कारण लिहितो एजंट, पण जबाब असतो आपला. कुठे जायचे, कुणाकडे, किती दिवस, खर्च कुणाचा, आणि परत कशासाठी यायचे, या पाच गोष्टी त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगता आल्या की पुरे. खर्च मुलगा करणार असेल तर मुलगाच करणार म्हणा. त्यात कमीपणा नाही. शिल्लक असेल तेवढीच दाखवा. उत्तर आखूड द्या. विचारणाऱ्याला वेळ थोडा असतो. आणि मुलांनो, आईबापांवर ओरडू नका. मुलाखतीच्या आदल्या रात्री "बाबा, असं कसं बोलता, पुन्हा म्हणा" असा मुलांचा आरडाओरडा मी किती घरांतून ऐकला आहे! ज्यांनी तुम्हाला बोलायला शिकवले, त्यांना आता तुम्ही गप्प बसायला शिकवता.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नकार आला तर तो चारचौघांत सांगा. आपल्याकडे नापास झाल्यासारखा तो दडवतात. शेजारी विचारतात, "काय, मग कधी निघणार?" आणि आपण म्हणतो, "बघू, तिकडे सध्या थंडी फार आहे." ही थंडी आपण घरात आणलेली आहे. तीन मिनिटांत एका अनोळखी माणसाने घेतलेला निर्णय म्हणजे तुमच्या साठ वर्षांच्या आयुष्याची परीक्षा नव्हे. लोक नकार उघड सांगू लागले, की कारण मागणाऱ्यांची संख्या वाढेल. आणि कारण मागणारे वाढल्याशिवाय कोणत्याही देशातल्या कोणत्याही खिडकीने आपण होऊन ते दिलेले नाही.

माझे पाच लाख रुपये मी परत घेतले, त्याला आता दोन वर्षे होऊन गेली. ती रक्कम पासबुकात आली आणि गेली, त्या दोन्ही नोंदी अजून तशाच दिसतात. मी त्या अधूनमधून उघडून पाहतो.

काल बहिणीचे खोके तयार झाले. कुरिअरचा मुलगा आत काय काय आहे ते लिहून मागत होता. तिने चष्मा लावला आणि शाळेतल्या अक्षरात एकेक जिन्नस वजनासह लिहिला. चकली, कडबोळी, शंकरपाळे, नातीसाठी एक झबले. "झबलं नाही लिहिलं तरी चालेल आजी," तो म्हणाला.

"आहे ना आत? मग लिहायचं," ती म्हणाली.